उंबरठ्याच्या आत कोणाची सत्ता?

गेल्या दहापंधरा वर्षांत आपल्या घरांच्या भिंतींवर एका नव्या वस्तूने मुक्काम ठोकला आहे. दाराच्या चौकटीलगत, दूरदर्शन-संचाच्या मागे किंवा पुस्तकांच्या कपाटावर ती बसविलेली असते. तिला दोन-चार शिंगे असतात आणि तिचे हिरवे दिवे रात्रंदिवस मिचमिचत असतात. रस्त्यावरून येणारी तार तिच्यात शिरते आणि तिच्यातून घरातील साऱ्या यंत्रांना इंटरनेटचा पुरवठा होतो. ह्या वस्तूला राउटर म्हणतात. तिला लागणाऱ्या विजेचे बिल आपण भरतो, तिच्यासाठी अनामत किंवा किंमत आपण मोजतो, आणि ती बंद पडली म्हणजे खोळंबा होतो तोही आपलाच. परंतु तिच्या आतील कारभाराची किल्ली मात्र आपल्यापाशी नसते. ती जोडणी देणाऱ्या कंपनीच्या हाती असते. आणि जो ग्राहक ती मागावयास जातो त्याच्याकडे, जणू त्याने दुसऱ्याच्या तिजोरीची किल्ली मागितली असावी, अशा नजरेने पाहिले जाते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. कंपनीची सत्ता भिंतीतील शेवटच्या जोडखोबणीपाशी संपली पाहिजे. तेथून पुढे, उंबरठ्याच्या आत, सत्ता घरधन्याची. आपल्या घरात कोणता राउटर लावावा हे त्याने ठरवावे. आणि जो राउटर त्याने विकत घेतला आहे त्यातील फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या स्मृतीत कायमची बसविलेली आणि वीज येताच जागी होणारी आज्ञावली, काढून तेथे आपल्या पसंतीची आज्ञावली बसविण्याचा त्याचा अधिकार निर्विवाद मानला जावा. आज व्यवहारात हा अधिकार नाकारला जातो, आणि तो नाकारताना ग्राहकाच्याच हिताचा हवाला दिला जातो. हा हवाला कितपत खरा आहे हे तपासून पाहणे एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकाने असल्या विषयाच्या भानगडीत का पडावे, अशी शंका काही वाचकांस येईल. त्यांस आमचे उत्तर असे की, महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाची मराठी आज बव्हंशी ह्याच पेटीतून त्याच्या घरात येते. पुण्यामुंबईचे वृत्तपत्र, आप्तांशी होणारे बोलणे, नातवंडांना दाखवावयाची नाटके, लेखकाने धाडलेले हस्तलिखित, ह्या सर्वांचा प्रवेश तिच्याच दारातून होतो. ज्या दारातून भाषा घरात येते त्या दाराची किल्ली कोणाच्या कमरेला आहे, हा प्रश्न वाङ्मयबाह्य आहे असे आम्हांस वाटत नाही.

हे कुलूप कसे घातलेले असते ते प्रथम समजून घेतले पाहिजे. पहिले कुलूप परवलीच्या शब्दाचे. ग्राहकाला जो परवलीचा शब्द मिळतो त्याने वाय-फायचे नाव बदलता येते आणि असेच काही किरकोळ फेरफार करता येतात. पूर्ण अधिकाराचा दुसरा शब्द कंपनी स्वतःजवळ ठेवते. दुसरे कुलूप दूरनियंत्रणाचे. २००४ साली टीआर-०६९ नावाचे एक मानक प्रसिद्ध झाले. त्यानुसार कंपनीचे मध्यवर्ती यंत्र आपल्या घरातील राउटरशी परस्पर बोलू शकते, त्याची मांडणी वाचू शकते, बदलू शकते आणि त्यात नवे फर्मवेअरही उतरवू शकते. ही सोय मुळात वाईट नाही. हजारो घरांतील बिघाड दुरून दुरुस्त करण्यास ती उपयोगी पडते. दोष आहे तो एवढाच की, ती बंद करण्याचा पर्याय घरधन्याला क्वचितच दिला जातो. तिसरे कुलूप सर्वांत पक्के. वीज येताच राउटरमध्ये जो छोटा आरंभक कार्यक्रम चालतो, तो निर्मात्याची सांकेतिक सही असलेलेच फर्मवेअर स्वीकारतो. अन्य कोणतेही फर्मवेअर, ते कितीही निर्दोष असो, तो परत लावतो. ऑप्टिकल फायबरच्या जोडणीत आणखी एक अडसर असतो: घरातील उपकरणाचा अनुक्रमांक कंपनीच्या केंद्रात नोंदलेला असतो, आणि तो जुळला नाही तर ते केंद्र परक्या उपकरणाला दारातच उभे करते.

आता ह्या कुलपाच्या आत जे कोंडलेले आहे ते मूळचे कोणाचे, हे पाहिले म्हणजे प्रकरणातील विसंगती ध्यानात येते. २००२ सालच्या अखेरीस अमेरिकेतील लिंक्सिस ह्या कंपनीने डब्ल्यूआरटी-५४जी नावाचा घरगुती राउटर विक्रीस आणला. २००३ साली सिस्को ह्या बड्या कंपनीने लिंक्सिस विकत घेतली. त्याच वर्षी काही जिज्ञासूंच्या लक्षात आले की, ह्या राउटरच्या फर्मवेअरमध्ये लिनक्स ही प्रणाली वापरलेली आहे. लिनक्स ही जगभरच्या प्रोग्रामरांनी मिळून लिहिलेली आणि जीपीएल नामक परवान्याखाली सर्वांना खुली केलेली प्रणाली. त्या परवान्याची अट अशी की, जो कोणी ही प्रणाली आपल्या वस्तूत घालून विकील त्याने तिची मूळ संहिताही ग्राहकाला उपलब्ध करून दिली पाहिजे. ही अट कंपनीच्या निदर्शनास आणून देण्यात आली आणि २००३ सालीच तिला ती संहिता प्रसिद्ध करावी लागली. त्या संहितेच्या आधारे २००४ साली ओपनडब्ल्यूआरटी हा स्वतंत्र फर्मवेअरचा उपक्रम उभा राहिला. त्याच्या नावातील शेवटची अक्षरे त्या मूळ राउटरच्या नावातून आली आहेत. पुढे सिस्कोने परवान्याच्या अटी पुरत्या पाळल्या नाहीत म्हणून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने डिसेंबर २००८ मध्ये तिच्यावर दावा लावला, आणि तो २००९ साली तडजोडीने मिटला.

आजही असंख्य घरगुती राउटरांच्या पोटात लिनक्सच आहे. अर्थात जी आज्ञावली तिच्या कर्त्यांनी सर्वांस मुक्तहस्ताने दिली, तीच कुलपात घालून आपल्याला भाड्याने दिली जात आहे. गावाने श्रमदानाने विहीर खणावी आणि एखाद्या सावकाराने तिच्यावर झाकण बसवून घागरीमागे पैसे आकारावेत, असाच हा व्यवहार नव्हे काय? सावकाराने रहाट बसविला असेल, दोरही त्याचा असेल. त्याचे मोल त्याने खुशाल घ्यावे. पण पाणी त्याचे नव्हे, आणि झाकण बसविण्याचा अधिकार तर मुळीच त्याचा नव्हे.

मुक्त फर्मवेअर बसवून घरधन्याला मिळते तरी काय, असे कोणी विचारील. एक उदाहरण पुरे आहे. घरातील एकाने मोठी चित्रफीत पाठवावयास घेतली की, त्याच वेळी शेजारच्या खोलीत चाललेले दूरचे संभाषण तुटू लागते, हा अनुभव बहुतेकांस आहे. जोडणीची गती अपुरी, असे समजून आपण अधिक महागाचा दर पत्करतो. वास्तविक पुष्कळदा दोष गतीचा नसतो, रांगेचा असतो. पिठाच्या गिरणीत दहा पोती घेऊन आलेल्या माणसाच्या मागे शेरभर दळणाचा डबा घेऊन आलेली मुलगी उभी असावी आणि गिरणीवाल्याने पोती संपेपर्यंत तिला ताटकळत ठेवावे, तसे जुन्या पद्धतीचे राउटर वागतात. ह्या दोषावर कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन ह्यांनी २०१२ साली एक उपाय प्रसिद्ध केला. रांगेत किती वेळ गेला हे पाहून तुंबलेली वाहतूक आवरण्याची ती युक्ती होती. तिला प्रत्येक वाहतुकीची वेगळी रांग लावण्याची जोड देऊन ती लिनक्समध्ये आणि ओपनडब्ल्यूआरटीमध्ये अल्पावधीत उतरली. ज्याच्या राउटरला कुलूप नाही त्याला तिचा लाभ विनामूल्य मिळाला. ज्याच्या राउटरला कुलूप आहे तो कंपनीला सुबुद्धी होण्याची वाट पाहत बसतो, किंवा अधिक गतीचे पैसे भरत राहतो.

दुसराही एक लाभ आमच्या वाचकांस विशेष जिव्हाळ्याचा वाटेल. ओपनडब्ल्यूआरटीच्या मांडणीची पाने जगातील अनेक भाषांत स्वयंसेवकांनी उतरविली आहेत आणि त्यांत मराठीचाही समावेश आहे. त्या भाषांतरात उणीव राहिली असेल तर ती भरून काढणे कोणाही जाणत्या मराठी माणसाच्या हाती आहे. मग तो इंदुरात राहो की हैदराबादेत. त्यासाठी कोणत्या सरकारकडे अर्ज करावयास नको आणि कोणत्या कंपनीच्या बाजारपेठेत आपली संख्या किती भरते हे मोजावयास नको. ज्या प्रांतात आपली भाषा राज्यभाषा नाही तेथे राहणाऱ्यांस ह्या स्वातंत्र्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, परके किंवा बदललेले उपकरण जोडल्याने कंपनीच्या जाळ्याला अपाय होईल. हा आक्षेप नवा नाही. तो टेलिफोनइतका जुना आहे. अमेरिकेत हश-अ-फोन नावाचे, बोलणाऱ्याचा आवाज आजूबाजूच्यांस ऐकू जाऊ नये म्हणून टेलिफोनच्या तोंडावर बसवावयाचे एक साधे टोपण मिळत असे. त्यात वीज नाही, तार नाही. तरीही तेथील बलाढ्य टेलिफोन कंपनीने त्याला मनाई केली. १९५६ साली अपील न्यायालयाने ही मनाई गैर ठरविली, आणि ग्राहकाला स्वतःच्या सोयीसाठी आपला टेलिफोन हवा तसा वापरण्याचा अधिकार आहे, मात्र त्यातून सार्वजनिक अपाय होता कामा नये, अशा आशयाचा निकाल दिला. १९६८ साली टॉमस कार्टर ह्यांच्या कार्टरफोन ह्या उपकरणाच्या बाबतीत तेथील दळणवळण आयोगाने हेच तत्त्व पुढे नेले आणि परक्या उपकरणांना टेलिफोनच्या जाळ्याचे दार उघडले. पुढे उत्तर देणारी यंत्रे आली, फॅक्स आला, मोडेम आला. जाळे कोसळले नाही. उलट त्या मोडेमांवरूनच सामान्य माणूस इंटरनेटपर्यंत पोहोचला.

आपल्याकडची आठवण काही निराळी नाही. बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज ह्या १९४८ साली स्थापन झालेल्या सरकारी कारखान्यातील तो काळा, वजनदार टेलिफोन अनेक वाचकांच्या स्मरणात असेल. खात्याने जे यंत्र दिले ते पदरी पडले आणि पवित्र झाले, असा तो काळ होता. १९८४ साली ग्राहकाच्या घरी बसवावयाच्या उपकरणांचे उत्पादन खाजगी कारखान्यांना खुले झाले, आणि पुढील काही वर्षांत दुकानांतून बटनांचे, निरनिराळ्या रंगांचे टेलिफोन दिसू लागले. खात्याच्या तारांना त्यामुळे काही इजा झाली नाही. त्याच सुमारापर्यंत घरातील रेडिओसाठी पोस्टात जाऊन परवान्याचे शुल्क भरावे लागे; पण परवाना सरकारचा असला तरी रेडिओ आपला होता. मागचे झाकण काढून त्याचा व्हॉल्व्ह बदलणाऱ्याला कोणी अपराधी मानले नाही. परवान्याच्या त्या काळात जे स्वातंत्र्य होते ते खुल्या बाजाराच्या ह्या काळात आपण गमावून बसलो आहो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

दुसरा आक्षेप रेडिओलहरींचा. राउटर हा छोटा प्रक्षेपक आहे. त्याची शक्ती किंवा पट्टा कोणी मनमानीने बदलला तर इतरांच्या लहरींत व्यत्यय येईल, असे म्हटले जाते. ह्या आक्षेपात तथ्य आहे. भारतात २००५ साली २.४ गिगाहर्ट्झच्या आणि २०१८ साली ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात परवान्याविना प्रक्षेपणाला जी मोकळीक मिळाली, ती शक्तीची मर्यादा पाळण्याच्या अटीवरच मिळाली, आणि ती अट पाळली गेलीच पाहिजे. परंतु त्यासाठी संपूर्ण यंत्राला कुलूप घालणे म्हणजे मोटारगाडी वेगमर्यादा ओलांडील म्हणून तिचे दारच बाहेरून बंद करण्यासारखे आहे. अमेरिकेत हा वाद २०१५ साली पेटला होता. तेथील आयोगाच्या नव्या अटींमुळे राउटरांत स्वतंत्र फर्मवेअर बसविणेच अशक्य होईल, अशी भीती व्यक्त झाली. तेव्हा, स्वतंत्र फर्मवेअरवर बंदी घालण्याचा आपला हेतू नाही, असा खुलासा आयोगाला करावा लागला. २०१६ साली टीपी-लिंक ह्या कंपनीच्या काही राउटरांतून ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक शक्तीने प्रक्षेपण करता येत असे म्हणून आयोगाने तिला दोन लक्ष डॉलर दंड केला; परंतु त्याच तडजोडीत, लहरींचे नियम सांभाळून आपल्या राउटरांत स्वतंत्र फर्मवेअर बसविता यावे ह्यासाठी प्रयत्न करण्याचे कंपनीने मान्य केले. ज्याचे काम लहरी राखण्याचे, त्या आयोगालाच दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात असे वाटले; मग आपल्याकडील आक्षेपकांनी अधिक घाबरण्याचे कारण काय?

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि सर्वांत मोठ्या आवाजात मांडला जातो तो हाच. कंपनीच्या हाती किल्ली आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत, असे सांगितले जाते. नोव्हेंबर २०१६ च्या अखेरीस जर्मनीत जे घडले त्याने ह्या दाव्याची चांगलीच परीक्षा झाली. डॉइच टेलिकॉम ह्या कंपनीच्या सुमारे नऊ लक्ष ग्राहकांचे राउटर एकाएकी कोलमडले. मिराई नामक उपद्रवी आज्ञावलीच्या एका नव्या अवताराने जगभरच्या राउटरांवर धाड घातली होती. आणि ही धाड ज्या दारावर आली ते दार कोणते? दूरनियंत्रणाचे, म्हणजे राउटर कंपनीला दुरून सांभाळता यावा म्हणून उघडे ठेवलेले. एकाच नमुन्याची लक्षावधी यंत्रे, त्या सर्वांना एकच चोरवाट, आणि ती बुजविण्याची घरधन्याला मुभा नाही. अशा व्यवस्थेला सुरक्षितता म्हणावयाचे असेल तर शब्दांचे अर्थ बदलावे लागतील. शिवाय कंपनी जुन्या नमुन्याच्या राउटरांना नवी आज्ञावली पुरविण्याचे थांबवते तेव्हा काय होते? छिद्रे उघडी राहतात, आणि कुलूप मात्र बंद राहते.

ह्याहूनही गंभीर गोष्ट जबाबदारीची आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादेत साखळी स्फोट झाले. त्यापूर्वी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना जो धमकीचा ई-मेल मिळाला, त्याचा माग काढीत पोलीस नवी मुंबईतील सानपाड्यात एका परदेशी गृहस्थाच्या घरी पोहोचले. त्याच्या घरच्या वाय-फाय जोडणीचा कोणी परस्पर वापर केला होता. त्या गृहस्थाचा कटाशी संबंध नव्हता असे पुढे निष्पन्न झाले. पण चौकशीचा ससेमिरा काही चुकला नाही. ह्या प्रकरणातून प्रत्येक घरधन्याने एक बोध घ्यावा. आपल्या नावावरील जोडणीतून जे काही बाहेर जाते त्याची पहिली विचारणा आपल्याच दारी होते, कंपनीच्या दारी नव्हे. असे असेल तर त्या जोडणीच्या तोंडाशी बसलेले यंत्र तपासण्याचा, त्यातील दारे मोजण्याचा आणि नको ती बंद करण्याचा अधिकारही आपलाच असला पाहिजे. जाब एकाला विचारावा आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असावी, हा न्याय कोणत्या स्मृतीतला?

चौथा आक्षेप मालकीचा आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. पुष्कळदा राउटर कंपनीचाच असतो. ग्राहकाला तो अनामत घेऊन वापरावयास दिलेला असतो आणि जोडणी सोडताना तो परत करावयाचा असतो. अशा परक्या वस्तूचे कुलूप तोडा, असे आम्ही म्हणत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० चे कलम ४३ मालकाच्या परवानगीवाचून त्याच्या संगणकीय साधनात शिरण्यास प्रतिबंध करते, आणि ते योग्यच आहे. अशा ठिकाणी आमची मागणी इतकीच की, कंपनीने आपल्या पेटीला केवळ तारेचे टोक म्हणून राहू द्यावे, ज्याला तंत्रज्ञ ब्रिज मोड म्हणतात. आणि तिच्यामागे ग्राहकाला स्वतःचा राउटर लावू द्यावा. परंतु जेथे ग्राहकाने राउटर रोख पैसे देऊन विकत घेतला आहे तेथे कंपनीची भाषा एकदम बदलते. पैसे घेताना ती वस्तू विकलेली असते, किल्ली मागताना तीच वस्तू दिलेली असते. विक्री ही विक्रीच असली पाहिजे.

कॉपीराइटच्या कायद्याची भीती घातली जाते तीही अवाजवी आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमातील कलम ५२ कायदेशीर धारकाला एखाद्या आज्ञावलीचे कार्य निरखण्याची, अभ्यासण्याची आणि अन्य आज्ञावलीशी तिचा मेळ बसविण्यासाठी आवश्यक ती माहिती, ती सहज मिळण्यासारखी नसेल तर, मिळविण्याची मुभा देते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ अ कुलूप मोडणाऱ्यास शिक्षा सांगते हे खरे. पण कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने ते मोडले असेल तरच. स्वतः विकत घेतलेल्या यंत्रातून जुने फर्मवेअर काढून तेथे मुक्त परवान्याचे फर्मवेअर बसविणाऱ्याने कोणाची नक्कल केली? बर्लिनच्या न्यायालयापुढे २०११ साली अशाच स्वरूपाचा वाद आला होता. राउटर बनविणाऱ्या एव्हीएम कंपनीची तक्रार होती की, मुलांना अयोग्य संकेतस्थळांपासून दूर ठेवणारी दुसऱ्या एका कंपनीची आज्ञावली आपल्या राउटरच्या फर्मवेअरमध्ये फेरफार करते. जो भाग मुक्त परवान्याखालील लिनक्सचा आहे त्यातील फेरफारांस निर्मात्याला मनाई करता येणार नाही, असा निर्वाळा त्या न्यायालयाने दिला.

शेवटचा आक्षेप सर्वांत सौम्य, पण आमच्या मते सर्वांत घातक. सामान्य माणसाला ह्यातले काय कळते? त्याला इंटरनेट मिळाले म्हणजे झाले! ह्या म्हणण्यातील अर्धा भाग आम्ही मान्य करतो. चुकीचे फर्मवेअर चढविले तर राउटर कायमचा मुका होऊ शकतो. कित्येक राउटरांसाठी, विशेषतः फायबरच्या पेट्यांसाठी, मुक्त फर्मवेअर उपलब्धच नाही, कारण त्यांतील चिपांची माहिती त्यांचे निर्माते प्रसिद्ध करीत नाहीत. शंभरातले नव्वद लोक ह्या वाटेला जाणार नाहीत हेही खरे. पण अधिकार हा केवळ तो वापरणाऱ्यांसाठी नसतो. आपल्यापैकी किती जणांना कुलूप दुरुस्त करता येते? तरीही किल्लीवाला गल्लीत असतो, कारण कुलूप उघडून पाहण्याचा धंदा गुन्हा ठरलेला नाही. राउटर खुले झाले तर शेजारचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कोपऱ्यावरील संगणक-दुरुस्तीचा दुकानदार, अशी माणसे आपल्या गरजेला उभी राहतील. आणि तोटा टाळण्याची सोयही अशक्य नाही. २०२४ च्या अखेरीस ओपनडब्ल्यूआरटीने सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी ह्या संस्थेच्या सहकार्याने स्वतःचाच एक राउटर बाजारात आणला. त्यात दोन स्वतंत्र स्मृतिचिपा असून एकीतील फर्मवेअर बिघडले तरी दुसरीच्या आधारे यंत्र पुन्हा उभे करता येते. ज्याला ग्राहकाची खरोखरच काळजी आहे तो असे यंत्र घडवितो. कुलूप घालीत नाही. शास्त्र थोड्यांच्या हाती राहावे, इतरांनी त्यांच्या वचनावर विसंबावे, ही भूमिका मराठीने ज्ञानेश्वरीच्या काळीच सोडली. ती आता कंपन्यांच्या सेवाकेंद्रांतून परत येऊ पाहत असेल तर तिला मराठी माणसाने तरी मान तुकवू नये.

मग करावयाचे काय? उत्तर शोधण्यासाठी फार कष्ट घ्यावयास नकोत. युरोपीय संघाने २०१५ साली केलेल्या विनियमात, आपल्या पसंतीचे उपकरण वापरण्याचा ग्राहकाचा अधिकार स्पष्ट शब्दांत नोंदविला. जर्मनीने त्याहून पुढे जाऊन, १ ऑगस्ट २०१६ पासून अमलात आलेल्या कायद्याने, कंपनीचे जाळे भिंतीतील खोबणीपाशी संपते असे ठरवून टाकले. आणि नव्या ग्राहकाला जोडणीसाठी लागणारी सर्व माहिती त्याने न मागता देण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. तारेची जोडणी असो, केबलची असो की फायबरची, नियम एकच. त्या दिवसापासून जर्मनीतील इंटरनेट बंद पडल्याचे कोणी ऐकले नाही.

आपल्याकडेही काळ प्रतिकूल नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या अधिकारासाठी समिती नेमली. तिच्यापुढे शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने हे विषय ठेवले. दूरचित्रवाणीच्या सेट-टॉप बॉक्सची पेटी एकीकडून दुसऱ्या कंपनीकडे गेले तरी चालावी, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२० सालीच केली. जुना १८८५ चा तारकायदा मागे सारण्यासाठी संसदेने २०२३ साली नवा दूरसंचार अधिनियम संमत केला. तेव्हा ह्याच ओघात चार गोष्टी नियमांत लिहून टाकाव्यात. कंपनीचे जाळे भिंतीतील खोबणीपाशी संपते, हे एक. कोणतेही प्रमाणित उपकरण जोडण्यास लागणारी सर्व माहिती ग्राहकाला जोडणीबरोबरच द्यावी, हे दुसरे. विकलेल्या राउटरचा पूर्ण अधिकाराचा परवलीचा शब्द ग्राहकाच्या स्वाधीन करावा आणि दूरनियंत्रण चालू ठेवायचे की बंद, हे त्याच्या संमतीवर सोपवावे, हे तिसरे. आणि ज्या दिवशी निर्माता एखाद्या नमुन्याला नवे फर्मवेअर देण्याचे थांबवील त्या दिवशी त्याने त्याचे कुलूपही काढावे, म्हणजे धडधाकट यंत्रे भंगारात जाणार नाहीत, हे चौथे.

नियम होतील तेव्हा होतील; तोवर वाचकांनी आपल्यापुरता एक प्रघात पाडावा. नवी जोडणी घेताना गती आणि दर ह्यांबरोबर तिसरा प्रश्न कंपनीच्या माणसास विचारावा: राउटर आमचा लावू द्याल काय, आणि तुमचाच घेतला तर त्याची किल्ली द्याल काय? उत्तर लेखी मागावे. दहा घरांनी हा प्रश्न विचारला तर तो माणूस हसेल. हजार घरांनी विचारला तर त्याच्या कंपनीला उत्तर तयार ठेवावे लागेल. घरात येणाऱ्या पाहुण्याने दार कोणते उघडे ठेवावे आणि कोणते लावावे हे ठरवावयाचे नसते. मग तो पाहुणा कितीही मोठ्या कंपनीचा असो.